दुसऱ्याच्या घरची सही

प्रथम तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे जबाबदार कोण ते.

ऑक्टोबर १९७३: शाळेतील दसऱ्याचे पाटीपूजन. जबाबदार, मुख्याध्यापक.

नोव्हेंबर १९७३: त्या पूजेविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांना गेलेले पत्र. जबाबदार, मी.

जानेवारी १९७४: त्या पत्रावर निघालेला आदेश. जबाबदार, शिक्षणाधिकारी, परंतु आदेशाची भाषा माझ्या पत्रातून शब्दशः उचललेली असल्याने पुन्हा मी.

ऑक्टोबर १९७५: सातवीच्या एका शिक्षकाविरुद्ध तक्रार. जबाबदार, तक्रार करणारा पालक, आणि तिची कोणतीही चौकशी न करता ती दाखल करून घेणारे मुख्याध्यापक.

एप्रिल १९७६: त्या शिक्षकाची सेवा समाप्त. जबाबदार, वरील सर्व.

नावे मी लिहीत नाही. नावे लिहिली की माणसे अब्रूनुकसानीची नोटीस पाठवतात आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. हुद्दा लिहिला की त्या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याला निदान उत्तराचे कर्तव्य चुकवता येत नाही. शिवाय या प्रकरणातील एका माणसाने मला त्याचे नाव कोठेही येऊ देऊ नका असे बजावले आहे, आणि त्याचे म्हणणे मी एकदा न विचारता डावलले होते. दुसऱ्यांदा ते होणार नाही.

मी सोलापूरच्या न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. आलेला अर्ज तपासणे, त्यातील त्रुटी काढणे आणि त्रुटी असल्यास तो पक्षकाराला परत करणे, हे माझे आयुष्यभराचे काम. आम्ही मूळचे मैंदर्गीचे लिंगायत. घरात कानडी, कचेरीत मराठी. मुलगा व सून बदलीच्या नोकरीमुळे परगावी असत, म्हणून नात आमच्याकडे शिकत होती, आणि शाळेच्या दप्तरी तिचा पालक म्हणून माझे नाव होते. ही बाब पुढे महत्त्वाची आहे.

नात पाचवीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन झाले. सगळ्या मुलांना हात जोडून उभे केले होते. वर्गात एकच मुसलमान मुलगी. ज्याचे पुस्तकबांधणीचे दुकान आहे अशा एका बाइंडरची ती मुलगी, आणि माझ्या नातीची बाकावरची जोडीदारीण. ती उभी राहिली, पण तिने हात जोडले नाहीत. वर्गशिक्षिका तिला म्हणाल्या, "हात काय घरी विसरून आलीस?" सगळा वर्ग हसला. तिला व्हरांड्यात उभे केले, आणि प्रसाद वाटून झाल्यावर आत घेतले.

नातीने हे जेवताना सांगितले. मी ताट तसेच ठेवून उठलो आणि पत्र लिहायला बसलो. राज्यघटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद मला पाठ होता: सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास वा उपासनेस हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. यावर थांबलो असतो तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु मुख्याध्यापकांना मी ओळखून होतो. पूजेला ते 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणाले असते आणि सक्तीला 'शिस्त'. त्यांना पळवाट राहू नये म्हणून मी मागणीच विस्ताराने मांडली: शाळेच्या वेळेत, कोणत्याही धर्मासंबंधी, कोणताही विधी, पाठ अथवा उपक्रम पालकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय घेऊ नये. हे वाक्य मी चार वेळा घासूनपुसून केले होते. जानेवारीत आदेश निघाला तेव्हा ते वाक्य जसेच्या तसे त्यात होते. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. आदेशाची प्रत मी भेटेल त्याला दाखवली.

ज्याच्या मुलीसाठी हे केले त्या बाइंडरला मात्र मी दाखवली नाही. विचारलेही नव्हते. ते मला सुचलेच नाही.

दरवर्षी मार्चअखेर माझा पत्रव्यवहार मी त्याच्याचकडे बांधायला देत असे. मोरचूद घातलेल्या खळीचा वास भरलेले ते अरुंद दुकान, आणि उकिडवा बसून कागदांच्या घड्या ठोकणारा तो शांत माणूस. पाने लावताना त्याने ते पत्र वाचले. वाचून झाल्यावर ते पान त्याच्या जागी ठेवले.

"साहेब, ही आमची पोरगी की," तो म्हणाला.

"होय. आदेश निघाला. आता कोणाची हिंमत होणार नाही."

त्याने फाइलीवर दाबाचा दगड ठेवला. "खळ वाळू द्या. चार दिवसांनी या."

याला मी त्याचा संकोच समजलो.

जून १९७५ मध्ये नात सातवीत गेली, आणि त्या वर्गावर एक नवीन शिक्षक आले. वैरागकडचे, शेतकरी घरातले. घरात पुस्तकाला हात लावणारे पहिलेच. परिविक्षाधीन नेमणूक, म्हणजे दोन वर्षे समाधानकारक गेली तर कायम, अन्यथा घरी. आणि घरी गेल्यास सेवापुस्तकात पडलेला शेरा जन्मभर पाठीशी. त्यांच्याकडे आठवड्यातून एक 'संस्काराचा तास' आला. त्या तासाला इतर शिक्षक शुद्धलेखन तपासत किंवा डुलकी काढत. या गृहस्थाने मुलांना निराळेच काम दिले.

प्रत्येकाने वर्गातील किंवा शेजारपाजारचे एक असे घर निवडायचे, जिथला धर्म, पंथ किंवा रीत आपल्या घरापेक्षा वेगळी आहे. त्या घरी जायचे. तिथे काय करतात, केव्हा करतात, का करतात, हे पाहून आणि विचारून एका कागदावर लिहायचे. पुस्तकातले काही लिहायचे नाही. चांगले की वाईट, ते लिहायचे नाही. आणि कागद पुरा झाला की ज्यांच्या घराविषयी लिहिले त्या घरातील मोठ्या माणसाला दाखवायचा. त्याने 'बरोबर आहे' म्हणून खाली सही केली तरच तो वर्गात वाचायचा. सही नसेल तर पुन्हा लिहायचा.

मी प्रथम चिडलो. न्यायालयात साक्षीदाराची साक्ष प्रतिपक्षाकडून तपासली जाते हे मला ठाऊक होते. पण मुलाच्या निबंधावर दुसऱ्याच्या बापाची सही, हा काय प्रकार, असे मला वाटले. नातीने बाइंडरचे घर निवडले होते आणि रमजान चालू होता. तिने लिहिलेले पहिले वाक्य असे: 'ईदच्या आधी हे लोक महिनाभर जेवत नाहीत.'

मी तिला घेऊन दुकानात गेलो तेव्हा बाइंडरने कागद डोळ्यांजवळ धरून वाचला.

"महिनाभर जेवलो न्हाय तर बेटी, तुझ्या अज्जाच्या फायली कोण बांधणार?"

"मग काय लिहू?"

"दिवसा न्हाय. सूरज बुडला की खायचं. लिही." तो पुढे वाचू लागला. "आता हे काय? 'ते चंद्राची पूजा करतात.' कोन बोल्या तुझको?"

"वर्गातली मुलं म्हणतात."

"पूजा नक्को लिहू. चांद दिसला की महिना बदलला, एवढंच. तुमच्या अज्जांचं कॅलेंडर भिंतीवर, आमचं वर."

नात हसली. मला हसू आवरले नाही, याचे मलाच आश्चर्य वाटले. त्या माणसाकडे मी किती वर्षे फायली नेत होतो, आणि उपास नेमका कधी सुरू होतो व कधी सुटतो, हे मला त्या दिवशी कळले. कागद तिला तीनदा लिहावा लागला. तिसऱ्यांदा त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि उर्दूत सही करून तिच्याखाली मराठीत पुन्हा केली, 'म्हणजे सरांना वाचता येईल'.

मग त्याच्या मुलीचा नंबर आला. तिने आमचे घर निवडले होते. एका सकाळी गिरणीच्या सातच्या भोंग्याला ती येऊन माझ्या पूजेसमोर बसली. दोन दिवसांनी कागद घेऊन आली. त्यात होते: 'अज्जा डाव्या हातावर काळा गोळा ठेवतात आणि त्याच्याकडे टक लावून बघतात. अज्जींनी हाक मारली तरी ओ देत नाहीत.'

"गोळा हा शब्द खोड," मी म्हणालो. "ते इष्टलिंग आहे."

"म्हणजे काय?"

"इष्टलिंग म्हणजे इष्टलिंग."

"सरांनी सांगितलंय, शब्द लिहिला की त्याचा अर्थपण लिहायचा."

लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते माझ्या गळ्यात होते. त्याविषयी मला कोणी कधी विचारले नव्हते. मी तिला म्हणालो, उद्या ये. ती गेल्यावर मी कागद घेऊन बसलो. ज्या माणसाने वकिलांचे मसुदे दुरुस्त केले त्याला दोन वाक्यांसाठी सबंध दुपार लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितले की देव देवळात ठेवला तर त्याच्यापर्यंत जायला मध्ये कोणीतरी लागतो. तो प्रत्येकाच्या हातावर दिला म्हणजे मध्ये कोणी उरत नाही.

"आमच्यातपण मध्ये कोणी नसतं. अब्बा म्हणतात." तिने लिहून घेतले. मग मान वर केली. "दुसऱ्यानं हात लावला तर?"

"लावू नये."

"लावला तर काय होतं?"

"लावू नये म्हटलं ना."

तिने लिहिले: 'हात लावला तर काय होते ते अज्जांना माहीत नाही.' ते खरे होते. मी खाली सही केली, आणि सवयीने 'सेवानिवृत्त शिरस्तेदार' असा हुद्दाही घातला.

ते कागद पुढे शनिवारच्या तासाला वर्गात वाचले जात. नात घरी येऊन सांगे: जैनांच्या घरी सूर्यास्तानंतर का जेवत नाहीत, ख्रिस्ती मुलाच्या घरी जेवणापूर्वी काय म्हणतात, विणकरांच्या घरी मागाची पूजा कशी होते. सर मध्ये बोलत नाहीत, असेही ती म्हणाली. ते फक्त विचारतात, "सही हाय का?" आणि असली की म्हणतात, "मग वाच की."

ईद होऊन आठवडा झाला आणि तक्रार आली. एका मागावरच्या कामगाराच्या मुलाने शेजारच्या मुसलमान घराविषयी लिहिले होते, आणि घरी आल्यावर चादर अंथरून धाकट्या बहिणीला ते लोक कसे वाकतात ते करून दाखवले होते. बाप दारातून आत आला तो नेमका तेव्हा. दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ज: 'माझ्या मुलाकडून नमाज पढवून घेतली.' मुख्याध्यापकांनी मुलाला विचारले नाही, शिक्षकाला विचारले नाही, तो कागद वाचला नाही. त्यांनी कपाटातून माझा आदेश काढला. दिवाळीची सुटी संपल्यावर शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली: लेखी पूर्वसंमतीशिवाय धर्मासंबंधी उपक्रम घेतल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये.

मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो.

"या, या. आपलीच वाट पाहत होतो," ते म्हणाले. "आदेश आपला, अंमलबजावणी आमची."

"तो आदेश सक्तीच्या पूजेविरुद्ध होता."

"तसं त्यात कुठे म्हटलंय? वाचून दाखवू?"

"मला पाठ आहे."

"मग प्रश्नच मिटला." त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. "दोन वर्षांपूर्वी आपण मला अधिकाऱ्यांसमोर उभं केलंत. कोणताही विधी, कोणताही पाठ, कोणताही उपक्रम. मी तेव्हाच म्हटलं, काय बांधीव भाषा आहे. आता तीच भाषा पाळतो आहे तर आपण रागावता."

"त्या मास्तरांनी काय गुन्हा केला?"

"गुन्हा कोण म्हणतंय? परिविक्षेतला माणूस आहे. दिवस कसले आहेत ते आपण जाणता. उद्या कोणी वर कळवलं तर मी काय उत्तर देऊ? आपली नात आमच्याकडे अजून तीन वर्षं आहे, साहेब. चहा घ्या."

चहा मी घेतला नाही. घरी येऊन पत्र लिहिले. त्यानंतर पाच महिन्यांत शिक्षणाधिकाऱ्यांना, संस्थेच्या चिटणीसांना, उपसंचालकांना, जिथे टपाल पोहोचते तिथे सगळीकडे लिहिले. धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे यांतला भेद मी मांडला. मूळ पत्र मागे घेत असल्याचे कळवले. प्रत्येक उत्तराची पहिली ओळ एकच असे: 'संदर्भ: आपले नोव्हेंबर १९७३ चे पत्र.' मी कुठल्याही दिशेने निघालो तरी पुढे मीच उभा. पत्र मागे घेतल्याने त्यावर निघालेला आदेश रद्द होत नाही, असे मला कळवण्यात आले. आणि ते कायद्याने बरोबर होते. वृत्तपत्राकडे गेलो. आणीबाणीचे दिवस. शाळा, धर्म आणि सरकार हे तीन शब्द एकत्र असलेले माझे पत्र संपादकांनी न वाचता घडी करून माझ्या हातात दिले. "सध्या राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी डोळे वर केले नाहीत.

तेव्हा मला एक तोड सुचली. आदेशाला लेखी संमती हवी होती ना? प्रत्येक कागदाखाली तर एका मोठ्या माणसाची सही होती. उपक्रमाला पालकांची लेखी संमती होती, असे का म्हणू नये? शिक्षकाने उत्तरासोबत ते सगळे कागद जोडले. मी स्वतः अनुक्रमांक घालून यादी केली. त्या रात्री मला, महिन्यांनंतर प्रथमच, गाढ झोप लागली.

जानेवारी १९७६ मध्ये शिक्षणाधिकाऱ्यांनी सुनावणी घेतली. शिक्षक भिंतीशी उभे, मुख्याध्यापक खुर्चीवर, मी आदेशाचा 'मूळ अर्जदार' म्हणून समोर. अधिकाऱ्यांनी गठ्ठ्यातून एक कागद काढला.

"हा आपल्या नातीचा. खाली सही कोणाची?"

"तिच्या वर्गमैत्रिणीच्या वडिलांची."

"ते आपल्या नातीचे पालक आहेत काय?"

"नाहीत."

"पालक कोण?"

"मी."

"मग आपली सही कुठे आहे?"

"त्यांच्या मुलीच्या कागदावर."

अधिकारी हसले नाहीत. ते हसले असते तर मला सोपे गेले असते. "म्हणजे आपण दुसऱ्याच्या मुलीसाठी सही केलीत आणि दुसऱ्याने आपल्या नातीसाठी. सगळे कागद असेच आहेत. एकाही मुलाच्या कागदावर त्याच्या स्वतःच्या पालकाची सही नाही. साहेब, आपण शिरस्तेदार होता. असा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर?"

"त्रुटी दाखवून परत केला असता," मी म्हणालो.

ज्या एका गोष्टीमुळे तो उपक्रम कोणत्याही धार्मिक उपदेशापेक्षा वेगळा आणि चांगला ठरत होता, तीच गोष्ट कायद्याच्या नजरेत त्रुटी होती. स्वतःच्या घराविषयी मूल काय बोलते, त्याला बापाची संमती कशाला? प्रश्न असतो तो शेजारच्या घराविषयी आपण काय बोलतो हा, आणि त्याचे प्रमाणपत्र शेजारीच देऊ शकतो. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात मुसलमान माणूस घोड्यावर बसून येतो, लढतो आणि मरतो. तो सकाळी उठत नाही, भाजी आणत नाही, मुलीची वेणी घालत नाही. ख्रिस्ती माणूस जहाजातून उतरतो. जैन आणि बौद्ध लेण्यांत राहतात. लिंगायत तर कुठेच नाही. त्या पुस्तकातील कोणत्या पानावर त्या पानातल्या माणसाची सही आहे? शाळेने देव आहे की नाही हे सांगू नये, कोणाचा खरा हेही सांगू नये; परंतु शेजारी काय करतो आणि त्याच्या तोंडून त्याचे कारण काय, हे न सांगता मुलाला चौदा वर्षांचे करून रस्त्यावर सोडणे हा निष्काळजीपणा आहे. मी हे सगळे त्या खोलीत बोललो. लेखनिकाने ते टिपून घेतले नाही.

अधिकाऱ्यांनी मेहेरबानी म्हणून चौदा दिवस दिले: प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या पालकाने आता तरी लेखी संमती द्यावी, मग पाहू. मी घरोघर फिरलो. ज्यांनी चार महिन्यांपूर्वी दुसऱ्याच्या मुलाला बसवून घेऊन, चहा पाजून सही दिली होती, ती माणसे सरकारी नमुन्याचा कागद बघताच खुर्चीतून उठू लागली. कोणी म्हणे, धाकट्याला विचारतो. कोणी म्हणे, नंतर या. शेवटी मी बाइंडरकडे गेलो. त्याची सही आली तर बाकीचे येतील, अशी माझी समजूत होती.

त्याने कागद हातात घेतला नाही.

"साब, कायकू?"

"मास्तरांची नोकरी आहे. तू एक सही कर."

"बेटीच्या कागदावर केली की."

"ती चालत नाही. ती माझ्या नातीसाठी होती. आता तुझ्या मुलीसाठी हवी, सरकारला."

"नातीला दिली. शेजाऱ्याला दिली. सरकारला नक्को." तो सुतात सुई ओवत होता. "पहिल्या पत्राच्या वेळी विचारलं न्हाय, आता विचारताय. माझ्या पोरीचं मी तुमची फाईल बांधताना वाचलं."

"नाव नव्हतं त्यात. 'एक मुस्लिम विद्यार्थिनी' एवढंच होतं."

"वर्गात दुसरी कोण हाय?"

मी संमतीच्या कागदाची घडी घातली.

"तिनं हात जोडले न्हाईत, बाहेर उभी राहिली, घरी आली, रडली. झालं. दुसऱ्या दिवशी पोरी परत एका बाकावर होत्या. मग तुमचं पत्र गेलं, अन् बाई तिच्याशी बोलायची बंद झाली. वर्षभर. तुमाला ठावं न्हाय ते." त्याने सूत दातांनी तोडले. "मास्तर लई चांगला माणूस हाय. पण तुमच्या फायलीत मला पुन्हा घालू नका, साब. नाव कुटंच येऊ देऊ नका."

चौदा दिवसांत सह्या आल्या त्या एका हाताच्या बोटांवर मावतील इतक्या. त्यात एक माझी. एप्रिलमध्ये एका ओळीचा हुकूम निघाला. त्यात धर्माचा उल्लेख नव्हता, तक्रारीचा नव्हता, कागदांचा नव्हता. 'परिविक्षा काळातील काम समाधानकारक न आढळल्याने.' कारणच दिले नाही म्हणजे त्याविरुद्ध भांडायलाही काही उरले नाही. एवढे बंद दार मी सबंध नोकरीत पाहिले नव्हते, आणि त्याला कुलूप मी स्वतः पुरवले होते.

जाण्यापूर्वी शिक्षक घरी आले. मी क्षमा मागायची तयारी केली होती. मुद्दे काढले होते. त्यांनी ऐकून घेतले नाही.

"साहेब, तुमचं ते पत्र मी वाचलं. लई बांधेसूद हाय. त्या पोरीला बाहेर उभं केलं तवा मी असतो तर मी बी तसंच लिवलं असतं."

"तुम्ही आधी तिच्या बापाला विचारलं असतंत."

"व्हय. विचारलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "माझं सोडा. पोरांचे कागद तेवढे परत मागा. हापिसात पडलेत. आपलं लिवलेलं कुटं गेलं म्हणून विचारतात वो, काय सांगू?"

मी मागितले. तीन वर्षे मागतो आहे. आधी उत्तर आले की ते 'प्रकरणाचा भाग' आहेत. मग आले की प्रकरण बंद झाले असल्याने अभिलेख उपलब्ध नाही. शिक्षक भावाच्या शेतावर आहेत. सेवापुस्तकातील शेरा पाहून त्यांना दुसऱ्या कोणत्याही शाळेने घेतले नाही. बाइंडर माझ्या फायली बांधतो, पण आता पाने न वाचता लावतो. नात शाळा सोडून महाविद्यालयात गेली. त्या वर्गातील संस्काराच्या तासाला आता हस्ताक्षर सुधारतात.

माझ्या वाट्याचे उत्तर मी वर दिले आहे: ज्या मुलीच्या वतीने लिहिले तिच्या घरी आधी गेलो नाही, आणि आदेश एवढा रुंद मागितला की त्यात वाईटाबरोबर चांगलेही चिरडले. ते मी कोणत्याही सभेत उभा राहून पुन्हा सांगेन.

मुख्याध्यापक आज त्याच संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की मला टपालाने उत्तर नको. तशी उत्तरे मी पुष्कळ बांधून ठेवली आहेत. संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत, सर्व पालकांसमोर आणि त्या वर्षीच्या सातवीच्या विद्यार्थ्यांना बोलावून, त्यांनी उभे राहावे आणि दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. त्या कागदांतील एकही ओळ आपण नोटीस काढण्यापूर्वी वाचली होती काय? आणि वाचली असल्यास, कोणत्या ओळीने कोणत्या मुलाला कोणता धर्म शिकवला, ते मोठ्याने सांगावे.